सतरा विहिरींची मुलाखत

हडंब्याचा आवाज मला आता सोसवत नाही. दसरा उलटला की वाशिमच्या चारी बाजूंना सोयाबीनची सोंगणी होते, शेताशेतांत गंज्या लागतात आणि मळणीचं यंत्र, म्हणजे आमचा हडंबा, सकाळपासून धडधडायला लागतो. हवेत कुटाराची, म्हणजे भुशाची, बारीक धूळ असते. ती नाकात जाते, वाळत घातलेल्या साड्यांवर बसते, चहाच्या कपातही उतरते. शेजारच्या वहिनी म्हणतात, "घ्या, लक्ष्मी आली." मी खिडक्या लावून घेते. त्यांना वाटतं मला धुळीचं वावडं आहे. वावडं आहे ते त्या आवाजाचं, कारण तो थांबला की पुढे काय येणार हे मला ठाऊक असतं. हडंबे गप्प होतात, दिवाळी होते, तुरीला पिवळा फुलोरा येतो आणि मग मानोऱ्याकडच्या तांड्यांवर ऊसतोडीचे ट्रक लागतात. चार-आठ दिवसांत तांडे रिकामे होतात. माझा हंगाम तो. नऊ वर्षं झाली, दर वर्षी तो येतो आणि माझी चूक मला पहिल्यापासून ऐकवतो.

मी रेडिओवर मुलाखती घेत असे. आमचं केंद्र अगदी छोटं, पन्नासेक गावांत ऐकू जाणारं. दोन खोल्या, त्यातल्या एकीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, की रस्त्यावरचे हॉर्न आत येऊ नयेत. सकाळी पीकसल्ला, दुपारी महिलांसाठी, संध्याकाळी भजनं. त्यात आठवड्यातून एक तास माझा. कार्यक्रमाचं नाव 'सविस्तर'. लिहिणारी, गाणारी, चित्रं काढणारी, कथा सांगणारी माणसं शोधायची आणि त्यांना त्यांच्या कामाबद्दल तासभर बोलतं करायचं. तुम्ही काय करता, हे तर कुणीही विचारतं. तुम्ही कसं करता, हे विचारायचं. आमच्या जिल्ह्यात असं कुणी कुणाला कधी विचारलेलं नव्हतं, त्यामुळे माणसं आधी लाजत, मग संशय घेत आणि एकदा सुटली की आवरत नसत.

केनवडचे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी दोन कादंबऱ्या लिहून पेटीत ठेवल्या होत्या. मुलाखतीला आले ते फुलस्केप वही घेऊन. वहीत डाव्या पानावर माझे प्रश्न आणि उजव्या पानावर त्यांची उत्तरं. माझे प्रश्नही त्यांनीच लिहिले होते आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरे लिहिले होते. ते वाचू लागले तेव्हा भाषणासारखं होऊ लागलं. मी वही हळूच ओढून घेतली. गुरुजी घाबरले, मग म्हणाले, "आता काय सांगू? माहं सारं त्यात हाये." आणि मग पन्नास मिनिटं जे बोलले ते वहीत कुठेच नव्हतं. जऊळक्याचा एक पेंटर होता, ट्रॉल्यांच्या मागच्या पाट्या रंगवणारा. तो म्हणाला, "रेडिओवर रंग कसा दिसन बाई?" विचार करून तो डबा आणि ब्रश घेऊन आला, पत्र्यावर अक्षर काढू लागला आणि म्हणाला, "हे ऐका. नवा ब्रश असा वाजते. आता हा घासेल ब्रश." दोन आवाज खरंच वेगळे होते. त्या दिवशी मी घरी आले ती तरंगतच. मला वाटलं, ऐकणं म्हणजे काय ते आपल्याला कळलंय.

ऐकण्याचा एक नियम आम्हाला शिकवला होता. समोरचा बोलत असताना मध्ये हं, हो, अच्छा, बरं असं काही करायचं नाही. माईक ते सगळं पकडतो आणि नंतर कापता येत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई काय माशा हाकलते आहे. म्हणून मान डोलवायची. हो म्हणायचं तर मान, पुढे बोला म्हणायचं तर मान, आश्चर्य वाटलं तर भुवया. वर्षभरात मी त्यात इतकी तयार झाले की घरीही मानेनंच बोलू लागले. आई म्हणायची, "पोरीची दातखीळ बसली वाटते." मला मात्र अभिमान होता. माझ्या मुलाखतींत माझा आवाज प्रश्नापुरता असे, बाकी नितळ बोलणं. इतर केंद्रांवरची माणसं ऐकून विचारायची, एवढं स्वच्छ कसं करता?

हिरामण काकांचं मला कळलं ते तांड्यावरच्या शाळेतल्या मास्तरांकडून. काका आणि त्यांची बायको गोमीबाई चाळीस वर्षं ऊसतोडीला जात होते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. तर दर वर्षी ट्रक तांड्यावरून सुटला की हिरामण काका एक कथा सुरू करत. पोत्यांवर, भांड्यांवर, शेळ्यांना धरून बसलेली माणसं ऐकत. मानोरा सुटलं की कथा सुरू आणि कारखान्याच्या गेटवर कथा संपली, असा तिचा हिशेब. रस्ता जेवढा लांब तेवढीच ती लांब, दोन दिवसांची. कुठे टायर बसला तर काका कथेतही मुक्काम वाढवत. गोमीबाईला सारा तांडा याडी, म्हणजे आई, म्हणे. मास्तर म्हणाले, "या वर्षी मुकादमानं काकाले नेलं नाही. वय झालं. याडी पोरासोबत गेली. काका एकटाच हाये आता. तुमाले टाइम भेटन." टाइम भेटेल, या शब्दानं मी खूश झाले होते, ते आज लिहायलाही लाज वाटते.

मी गेले तेव्हा ट्रक जाऊन आठवडा झाला होता. रिकामा तांडा ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगून कळत नाही. घरं असतात, पण प्रत्येक कडीला कुलूप, कुलपावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. अंगणातल्या चुली तशाच, राख थंड. एका दोरीवर विसरलेला एकच मोजा. कुत्री माणसांच्या वासासाठी दारं हुंगत फिरतात. दूर कुठेतरी उरलेल्या एका गंजीवर हडंबा चालू होता, मी वैतागून घड्याळ पाहिलं, तो थांबेपर्यंत रेकॉर्डिंग करता येणार नव्हतं. काका ओट्यावर बसले होते. पांढरा फेटा, हातात काठी, तोंड किंचित बाजूला वळवलेलं. मला वाटलं, लाजतायत. पाण्याचा तांब्या पुढे करताना त्यांचा हात हवेत जरा चाचपडला. तेही मी पाहिलं आणि मनात टिपून ठेवलं, चांगला तपशील म्हणून.

"कथेत काय आहे, काका?" मी विचारलं.

"बहीण हाये. भावाले धुंडाळाले निंघते. मिठाच्या बैलांच्या मांगं मांगं. वाटंत सतरा विहिरी लागतात. हरेक विहिरीपाशी एक जण भेटते, अन् त्याची अलग गोठ."

"ही कथा तुम्ही शिकलात कशी? एवढी लक्षात कशी राहते?"

"शिकाचं काय त्यात. रस्ता सुरू झाला का थेही सुरू होते." थोडं थांबून ते म्हणाले, "बाई, ऐकून राह्यली ना?"

"हो काका. तुम्ही बोला. मी मध्ये बोलत नाही, माझा आवाज येतो मशिनीत."

"बरं," ते म्हणाले.

आणि त्यांनी कथा सुरू केली. पहिल्या विहिरीवर ते रमले. तिथे एक आंधळा पाणी ओढणारा होता, त्याला दोराच्या वजनावरून कळे की घागर कुणाची आहे. काका एक वाक्य म्हणत आणि थांबत. मी मान डोलवी. ते अजून थांबत. मी अजून जोरात मान डोलवी, हातानं खूण करी की पुढे, पुढे. मग ते पुढचं वाक्य म्हणत. दुसरी विहीर निम्म्या वेळात झाली. तिसरी त्याहून लवकर. मग ते म्हणाले, "पुढं अशाच विहिरी लागत गेल्या," आणि काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन, "मंग भेटला भाऊ. झालं." मी मशिन बंद केलं. चाळीस मिनिटं भरली होती. मला वाटलं, काय संयम आहे या माणसाचा. पुढं अशाच विहिरी लागत गेल्या: एका वाक्यात आख्खं आयुष्य सांगितलं की. त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "थकली असशीन पोरी. जाय, घरी जाय." मी सायंकाळच्या एसटीत ते वाक्य मनात घोळवत आले.

दुसऱ्या दिवशी मी ते कापायला बसले. वाक्यावाक्यांमध्ये इतकी रिकामी जागा होती की ऐकणाऱ्याला वाटावं रेडिओ बंद पडला. ती सगळी काढली. "ऐकून राह्यली ना" काढलं. आणखी एकदा, दुसऱ्या विहिरीनंतर, त्यांनी हळूच "हायेस ना?" म्हटलं होतं, ते मला तिथे बसून ऐकूच आलं नव्हतं, तेही काढलं. प्रवाह तुटत होता ना. शेवटी साडेसव्वीस मिनिटं उरली, नितळ, सलग. सुरुवातीला माझं निवेदन घातलं, त्यात म्हटलं की हिरामण काकांचे डोळे दूर कुठेतरी पाहत असतात. उरलेल्या वेळात तांड्यावरची गाणी लावली. संध्याकाळी मूळ रेकॉर्डिंगचं मशिनीतलं कार्ड पुसून सकाळच्या पीकसल्ल्यासाठी देऊन टाकलं. हरभऱ्यावरच्या मर रोगाची माहिती त्यावर भरायची होती. कार्यक्रम वाजला आणि दोन दिवस फोन येत राहिले. सगळे एकच म्हणत, म्हातारा या वयात काय झरझर बोलतो. सतरा विहिरींची कथा म्हणून मीच सांगितलं होतं आणि ऐकवल्या होत्या तीन. एकाही श्रोत्यानं विचारलं नाही. मीही मोजल्या नव्हत्या.

ही गोष्ट मी कितीदा स्वतःला सांगितली आहे की तेव्हा कळायला काही मार्गच नव्हता. पण मार्ग होता. मी त्यांच्यासमोर तासभर बसले होते.

हिरामण काका त्याच माघात वारले. थंडीताप झाला, तांड्यावर चार म्हाताऱ्यांखेरीज कुणी नव्हतं, मास्तरांनी दवाखान्यात न्यायची सोय करीपर्यंत उशीर झाला. गोमीबाई आणि पोरगा दोन दिवसांसाठी आले आणि परत उसात गेले, कारण टोळी अडकून पडली होती. उन्हाळ्यात ट्रक परतले आणि एका दुपारी गोमीबाई आमच्या केंद्राच्या दारात उभी राहिली. काचांचा घागरा, हातभर बांगड्या, उन्हानं करपलेलं तोंड. मास्तरांनी पत्ता दिला होता. म्हणाली, "तुह्याजवळ त्याचा आवाज हाये म्हंतेत." मी तिला गाद्यांच्या खोलीत बसवलं, पंखा लावला, आणि फार हौसेनं, हो हौसेनंच, कार्यक्रम लावला.

काकांचा आवाज आला तशी तिनं पदर डोक्यावर सारखा केला. त्यांचं पहिलं वाक्य संपलं आणि तिनं "हं" म्हटलं. पण तिच्या हं वर काकांचं दुसरं वाक्य येऊन आदळलं, कारण मधली जागा मी कापली होती. तिनं पुन्हा हं म्हटलं, पुन्हा तसंच झालं. ती घाई करू लागली. वाक्य संपायच्या आधीच हं म्हणू लागली, तरी तिला गाठता येईना. तिसऱ्या विहिरीपाशी तिनं तोंडावर हात धरला. शेवटी "मंग भेटला भाऊ. झालं" आलं.

"तू झोपली होती?" तिनं विचारलं.

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "कधी?"

"थो सांगून राह्यला तवा. झोपली होती का?"

"नाही याडी. मी तर सगळं ऐकत होते. एकेक शब्द."

"मंग हुंकारा काहून नाई देल्ला?"

मी तिला माईकचं सांगितलं, मान डोलवण्याचं सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मान त्याले कशी दिसन बाई? डोयात पडदे होते त्याच्या. दोनी डोयांत. म्हून तं मुकादमानं नेलं नाई. कोनाले सांगे नाई थो."

मग तिनं मला समजावून सांगितलं, लहान पोरीला सांगावं तसं. या कथेत भाऊ भेटत नाही. बहीण सतराव्या विहिरीपाशी पोचते तेव्हा काय होतं ते वेगळंच आहे, आणि ते गेटवर पोचल्याशिवाय सांगायचं नसतं. पण ट्रकमध्ये पोरं असत, थकलेल्या बाया असत. ऐकणाऱ्याचा हुंकारा बंद पडला की समजायचं, झोपला. मग त्याच्यासाठी कथा आवरती घ्यायची. "झोपल्या माणसाले अर्ध्यात सोडू नाई, त्याले वंगाळ सपनं पडतेत. म्हून त्याचा भाऊ भेटवून द्याचा. मंग जागलेल्यासाठी पुढं सांगाचं." काकांनी मध्येच "हायेस ना?" विचारून पाहिलं होतं. उत्तर आलं नाही. तेव्हा त्या भल्या माणसानं माझाही भाऊ भेटवून दिला आणि थकली असशील, घरी जा म्हणाला. माझी आयुष्यातली सर्वांत लक्ष देऊन ऐकलेली मुलाखत, आणि ती त्यांनी झोपलेल्या बाईला सांगितली होती.

त्यानंतर मी काय काय नाही केलं. बैल गेला आणि झोपा केला, तसलं सगळं. आधी पोराकडे गेले. तो म्हणाला, "मले तं भाऊ भेटते एवढंच ठाऊक हाये. मी रोजच झोपो." ट्रकमधल्या इतरांकडे गेले. म्हाताऱ्यांना तुकडे आठवत होते, कुणाला पाचवी विहीर तर कुणाला नुसता एक बैल. तरुणांनी सरळ सांगितलं की शेवटची चार-पाच वर्षं ते कानात मोबाइलची बोंडं घालून बसत. मास्तरांनी तर कथा ऐकलीच नव्हती, कारण ते कधी ट्रकमध्ये बसले नव्हते. राहिली गोमीबाई. चाळीस खेपा, जातानाच्या चाळीस. तिला येणारच की. मी मशिन घेऊन गेले आणि म्हटलं, याडी, तुम्ही सांगा, मी हुंकारा देते, तुम्ही म्हणाल तेवढ्या मोठ्यानं देते.

तिनं प्रयत्न केला. पहिली विहीर सांगितली, दुसरी सांगितली आणि मग तिसरीऐवजी अकरावी सांगू लागली. स्वतःच थांबली. म्हणाली, "मी त्याच्या मांगं चालली पोरी. वाट त्याले ठाऊक." काका एक ओळ म्हणत, ती हं म्हणे आणि त्या हं वरून काकांना पुढची ओळ सुचे. तिचं काम तेवढंच आणि ते तिला पक्कं येत होतं. ती कथा म्हणजे एक पुरा कोयता होता, दोघांनी मिळून धरलेला, आणि मी अर्धा कोयता घेऊन उसात उभी होते. तरी मी दर वर्षी जात राहिले. ट्रक गेल्यावरचा आठवडा धरून, कारण नंतर नंतर तीही मागे राहू लागली. गुडघे गेले. सून म्हणाली, याडीला नको, इथेच राहू दे. काका जिथे बसायचे त्याच ओट्यावर ती बसे. आणि दर वर्षी तिच्याजवळ थोडी कमी कथा असे. एका वर्षी आंधळा पाणी ओढणारा गेला. एका वर्षी बहिणीचं नाव गेलं. मी घरी येऊन वहीत लिही, या वर्षी एवढं उरलं.

'सविस्तर' बंद झाला त्यालाही आता चार वर्षं झाली. नवे साहेब आले. ते चांगले आहेत, तरुण आहेत. म्हणाले, मॅडम, तासभर कोण ऐकतं आता, दीड मिनिटाचं करू, फोनवर टाकू. मी भांडले नाही. मला वाटलं, तास दिला होता तेव्हा आपण काय केलं? साडेसव्वीस मिनिटं. ज्या माणसानं दोन दिवसांचं काम आणलं होतं त्याला आपण तेवढ्यात गुंडाळलं, आणि वर त्याला नितळ म्हटलं. केनवडच्या गुरुजींची, जऊळक्याच्या पेंटरची मुलाखत मी अधूनमधून लावते. आता मला त्यांचं बोलणं ऐकू येत नाही. मी कापलेल्या जागा शोधत राहते. त्या कुठे होत्या तेही कळत नाही, इतकं ते काम सफाईनं झालं आहे. लोक मला अजून भेटतात आणि म्हणतात, तुम्ही माणसं छान बोलती करता. मी मान डोलवते. सवय जात नाही.

या वर्षी ट्रक जरा लवकर लागले. मी परवा गेले. कुलपं, पिशव्या, थंड चुली, सगळं तसंच. लांबवर एक हडंबा चालू होता, मी घड्याळ पाहिलं नाही. गोमीबाई ओट्यावर गोधडी पांघरून बसली होती. फार वाळली आहे. मला ओळखलं, पण कुठली म्हणून ओळखलं ते कळेना. मी जवळ बसले, तिचा हात हातात घेतला, मशिन काढून बाजूला ठेवलं. सुरू केलं नाही. म्हटलं, "याडी, विहिरींची कथा सांगता का? पहिलीच सांगा."

तिनं बाजूच्या मशिनीकडे पाहिलं. मग तिचं तोंड एकदम उजळलं.

"तू थे रेडिओवाली बाई," ती म्हणाली. "तुले तं त्यानं सांगतली ना कथा. मी नव्हती तवा. एकटा होता थो, तरी तुले बसून सांगतली. सारा तांडा सांगते."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"मंग तू सांग. मले आता गवसत नाई. तू सांग, मी हुंकारा देतो."

मला तिला समजावून सांगायला हवं होतं. त्या उन्हाळ्यात तिनंच मला समजावलं होतं, ते उलटं तिला सांगायचं, एवढंच. पण ती सावरून बसली, गोधडी नीट केली, मान माझ्याकडे कलती केली. चाळीस वर्षं ट्रकमध्ये ती अशीच बसत असणार. मी सुरू केलं. एक बहीण होती, म्हटलं.

"हं," ती म्हणाली.

तिचा हं मी तोवर असा कधी ऐकला नव्हता, माझ्या वाक्याच्या पाठीला हात लावून पुढे ढकलणारा. मी पहिली विहीर सांगितली. आंधळा पाणी ओढणारा सांगितला, दोराचं वजन सांगितलं. ती हं म्हणत होती आणि मी सांगत होते, आणि मला काही क्षण खरंच वाटलं की येईल, पुढचं येईल, या हुंकाऱ्यानं त्यांना चाळीस वर्षं सुचत होतं तसं मलाही सुचेल. दुसरी विहीर झाली. तिसरी झाली. तिचे डोळे चमकत होते. इतकी जागी मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती, आणि एवढ्या जाग्या बाईला भाऊ भेटवून देता येत नाही.

"हं," ती म्हणाली.

मी तिचा हात धरून बसले होते. तिनं थोडी वाट पाहिली आणि माझ्या तोंडाकडे बघत, अगदी मायेनं, पुन्हा म्हणाली, "हं."